पहिल्या बोलीला ‘नाही’

शेठजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मिरचीच्या ढिगाशी उभा राहिलो की माझा डावा पाय आपोआप मागे सरकतो. आठवतं? पोती उचलणाऱ्या मला तुम्ही नुकतंच खरेदीला बसवलं होतं. म्हसावदच्या शेतकऱ्याने भाव सांगितला, मला तो रास्त वाटला, मी लगेच ‘हो’ म्हणालो. तुम्ही माझ्या पायावर पाय दिलात. “पहिला भावले कोनी हा म्हनस का रे, येडा? आधी नही म्हन. गरज व्हई तर तो परत इचारी.” आणि दुसऱ्यांदा विचारताना माणसाचा आवाज जरासा खाली येतो, तो कसा ऐकायचा, हेही तुम्हीच शिकवलंत. त्या कानांच्या जोरावर मी नंदुरबारात स्वतःचा गाळा उभा केला.

बाजारात याला अक्कल म्हणतात. ‘पक्का माणूस’ म्हणतात, चहा पाजतात. तीच गोष्ट उंबरा ओलांडून घरात आली की तिचं नाव हेकटपणा होतं. बायको तर सरळ खोडच म्हणते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण शेठजी, तुम्ही गेलात तरी ती गेली नाही. बायको परवा भाकरी थापता थापता म्हणाली, “शेठ गया, खोड तुम्हनाजोडे ठेई गया!” मी हसलो. ती हसत नव्हती.

मागच्या महिन्यात पोरीने विचारलं, “पप्पा, मी तुमच्यासोबत गाळ्यावर बसू?” ती कॉलेजात गेली तेव्हापासून मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. तोंडातून निघालं, “नको. तुझं काम नाही ते.” मग रीतीप्रमाणे थांबलो, ती परत विचारेल म्हणून. पण ती बाजारात वाढलेली नाही. तिच्यासाठी नाही म्हणजे नाहीच. तिने सुरतेत नोकरी धरली. उद्या सकाळची गाडी आहे.

आत्ता ती आतल्या खोलीत सामान आवरतेय. मी मघाशी दारापर्यंत जाऊन आलो. म्हटलं, “सुरतेत आपल्यासारखी मिरची मिळत नाही.” ती वर न बघता म्हणाली, “मग जाऊ नको म्हणा ना.” आवाज जरासा खाली आला होता, शेठजी. माझ्या कानाने तो बरोबर टिपला. हीच ती दुसरी बोली. आणि मी काय म्हणालो? “बघू.”

परत येऊन बसलो, तर बॅगेची चेन लागल्याचा आवाज आला.

हा कागद कुठे पाठवणार? तुम्हाला लिहायला बसलो, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही. खरं म्हणजे एक शब्द तिला म्हणायचा होता, तो आधी इथे लिहून बघावा म्हटलं. ‘थांब.’ बघा, लिहिता येतो.