सहावा पेला

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

नेरला पोचले. यवतमाळहून एसटीत खिडकीची जागा मिळाली आणि वाटभर वेचणीला आलेला कापूस बघत आले. खोली स्टँडपासून पाच मिनिटांवर आहे. घरमालकीण विमलताई निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे आल्या आल्या माझी तोंडी परीक्षा झाली. नवरा अवधूत आणि सात वर्षांची प्राची पुण्यात, आणि मी महिनाभर इथे एकटी, हे त्यांना मुळीच रुचलं नाही. काम काय, विचारलं. एका दुर्मिळ आजाराच्या संशोधनासाठी घराण्यांची माहिती गोळा करायची आणि लोकांना समजावून सांगायचं, असं म्हटलं. त्यावर म्हणाल्या, इतका दुर्मिळ आहे तर उकरून कशाला काढता? बाई भारी आहेत.

संध्याकाळी पोळ्या केल्या. खोलीत चिमटा नव्हता, म्हणून तवा हातानेच उतरवला. विमलताई बघतच राहिल्या. सांगितलं त्यांना, हा आमच्या रत्नप्रभा आजीचा हात. तिच्याकडून बाबांकडे आला, बाबांकडून माझ्याकडे. घरात कौतुक होतं त्याचं.

१८ नोव्हेंबर

आज गावात गेले. गावाचं नाव आणि आडनाव कुठेच लिहायचं नाही, असा आमचा नियम आहे, तो इथेही पाळते.

घर नानाजींचं. ऐंशीच्या पुढचे आहेत, पण तूर बघायला अजून स्वतः जातात. मुलगा गोपाल एकेचाळीसचा, खाटेवर. सून बेबीताई सगळं घर ओढते. गोपालच्या तळपायांना तीन वर्षांपूर्वी चटका कळेनासा झाला. आधी कुष्ठरोग समजून गोळ्या झाल्या, मग मणक्याचे फोटो झाले, मग साखर तपासली. आता पाय उचलत नाहीत, आवाज बसलाय आणि हृदयावर सूज आहे. खरं नाव सापडायला तीन वर्षं आणि सात डॉक्टर लागले. घराण्यातून उतरलेल्या दोषामुळे यकृतात एक प्रथिन चुकीचं तयार होतं आणि ते नसांवर साचत जातं. नानाजींसारख्या एखाद्यात तो दोष झोपूनच राहतो. पहिल्यांदा जाते ती गरम-गार कळण्याची शक्ती.

चहा पितळी पेल्यात आला. जरा कोमट होता, पण आलं सढळ हाताने घातलेलं. मी पेला दोन्ही हातांत धरून मजेत प्यायले. बेबीताई माझ्या हातांकडे बघत होती, मग तिने नानाजींकडे बघितलं. नानाजी उठून मागल्या अंगणात गेले. नवख्या माणसासमोर बुजतात बिचारे.

२० नोव्हेंबर

वंशावळ काढायला बसले. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर आत काळं. नानाजींनी चार पिढ्या घडाघडा सांगितल्या. काळ्या खुणा वाढत गेल्या तसा त्यांचा आवाज लहान होत गेला. शेवटी धाकटी बहीण यमुना. लग्न होऊन दूर गेली, वर्षभरात वारली, मूलबाळ नाही, असं त्यांनी सांगितलं. मी वर्तुळाखाली आडवी रेघ मारली. म्हणजे वंश संपला. तक्ता आजच पुण्याला पाठवला. प्रकल्पाच्या सरांनी फोनवर पाठ थोपटली आणि मी दिवसभर हवेत होते.

२४ नोव्हेंबर

आज नव्या औषधाचं समजावून सांगितलं. तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, ते वाईट प्रथिन बनणंच थांबवतं. गेलेलं परत येत नाही, म्हणून जितकं लवकर तितकं बरं. नावं द्यायची मुदत डिसेंबरअखेर आहे. बेबीताईने अकरा वर्षांच्या दिपालीचं विचारलं. मी नेहमीचं सांगितलं. अठराच्या आतल्या मुलांचं रक्त तपासत नाही, कारण कळून घ्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. हे पत्रक मीच लिहिलेलं आहे, त्यामुळे तोंडपाठ आहे.

ती म्हणाली, तिला ठाऊक आहे. या घरात पोरं जाणती झाली की चुलीवरचं उकळतं दूध पितळी पेल्यात ओतून हातात देतात. पोरगं ओरडलं तर सगळे हसतात, साखर वाटतात. दिपालीने गेल्या दिवाळीत पेला धरला आणि पूर्ण दूध पिऊन खाली ठेवला.

मी फार चिडले. मुलांचे हात पोळायचे, ही कुठली रीत, असं ताडताड बोलले. बेबीताई एवढंच म्हणाली, "मालूम पडते ना बाई. तुमच्या कागदाले अजून सात वर्षं लागतीन. मी माय हावो, सात वर्षं कशी काढू?"

खोलीवर आले, वहीत लिहायला बसले आणि मग आठवलं. मलाही तसाच पेला दिला होता. पण माझा चहा तर कोमट होता.

२५ नोव्हेंबर

तपासणीच्या पेटीत दोन धातूच्या नळ्या असतात. एकीत गरम पाणी भरायचं, एकीत गार. डोळे मिटून सांगायचं कुठली लावली. विमलताईंना मदतीला घेतलं. त्यांना वाटलं, मी सराव करते आहे.

हातांना दहापैकी चार बरोबर. पायांना लावत होत्या हे मला कळलंच नाही. त्या लावून थांबल्या होत्या आणि मी म्हणत होते, लावा की.

दमलेली असेन. पाणी निवलं असेल. उद्या पुन्हा बघू.

२६ नोव्हेंबर

पुन्हा बघितलं. तीन बरोबर.

२७ नोव्हेंबर

गावात गेले. बेबीताईला सरळ विचारलं, मला पेला कायले दिला? मी तिच्या बोलीत विचारलं हे मला नंतर जाणवलं. ती म्हणाली, नानाजींनीच द्यायला लावला. मी अंगणात पाऊल टाकलं तेव्हा त्यांना वाटलं, बहीणच आली.

मग नानाजी बोलले. "यमुना वारली नोयती. आमच्या घरचा रोग तिकडं कळून तिची सोयरीक तुटू नये म्हणून तसं सांगत आलो. तांदळात नवं नाव लिहिलं तिच्या सासऱ्यानं, आमी इकडं जुनं नाव पुसून टाकलं." नवं नाव त्यांनी सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि वही बंद केली.

त्यांनी पेले दाखवले. पाचच आहेत, सहावा तिच्याबरोबर गेला. तिच्या पेल्याच्या तळाशी कोरलेलं आहे म्हणाले, यमुना, आणि लग्नाची तारीख.

आमच्या पुण्याच्या घरी पेन्सिली ठेवायला एक पितळी पेला आहे. आजीचा. अवधूतला फोन करून उलटा करायला सांगितला. त्याने अडखळत वाचलं आणि हसून विचारलं, ही यमुना कोण गं?

आजी स्टोव्हवर भाजून गेली. पदर पेटल्याचं तिला कळलंच नाही म्हणतात. बाबा सेहेचाळीसाव्या वर्षी हृदयाने गेले. त्यांचं वर्तुळ नाही, चौकोन. काळा.

आणि ती आडवी रेघ मीच मारली होती.

१ डिसेंबर

माझं रक्त पाठवलं. तीन आठवडे लागतील. मला त्याची भीती नाही, उत्तर मला माहीत आहे. माझ्यासाठी इंजेक्शन आहे. मी चौतीस वर्षांची आहे, वेळेत आहे.

पण तक्ता पुढ्यात घेऊन बसले. ज्याला ज्या वयात चटका कळेनासा झाला, ती वयं लिहिली. नानाजींची आत्या साठ. आजी पन्नास. गोपाल अडतीस. मी चौतीस. दिपाली दहा. वय खाली खाली सरकतंय.

सरांना विचारलं, सात वर्षांच्या मुलीचं बघता येईल का. त्यांनी फार हळुवारपणे मला माझंच पत्रक वाचून दाखवलं.

३ डिसेंबर

प्राची दोन वर्षांची असताना इस्त्रीला हात लावला होता. रडली होती का? रडली होती. मी तिथे होते ना — की अवधूतने सांगितलं —

आठवत नाही.

वरणभात कधी फुंकून खात नाही ती. शहाणी म्हणून सगळ्यांना सांगते मी.

४ डिसेंबर

अवधूत शनिवारी तिला घेऊन येतोय. येऊ नको म्हणायला फोन लावला. म्हटलं, येताना तो पेला आण.

का म्हटलं मी तसं?

५ डिसेंबर

बेबीताईला फोन केला. माफी मागितली, प्राचीचं आणि पेल्याचं सांगितलं. ती म्हणाली, पोरीनं धरला तं धरला, पण पाहाले एकटी बसू नको. मी येतो.

नको म्हटलं. मी काही करणार नाहीये. नियम आहे. मीच लिहिलाय.

६ डिसेंबर, शनिवार, सकाळ

आले. प्राची गळ्यात पडली. गाल गार होते, की गरम — कळलं नाही मला.

अवधूत आंघोळीला गेलाय. पेल्यातल्या पेन्सिली काढल्या. घासला. लखलखीत झालाय.

दूध वर आलं. ओतलं.

विमलताई पेला प्राचीकडे न्यायला आल्या होत्या, हात लागताच मागे सरल्या. अगं, फडक्याने तरी धर, म्हणाल्या. त्यांचं बोट लाल झालंय.

फुंकणार नाही मी. लिहीत बसते. हात मोकळे राहिले तर पेला काढून घेईन.

ओरड, बाळा. एकदा ओरड. आयुष्यभर तुझी माफी मागेन —

हात पुढे केलाय तिने. धरला. दोन्ही हातांनी.

माझ्याकडे बघतेय. हसतेय.

म्हणते, आई, हे तर कोम