नऊशे ब्याण्णव

३ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचा! कंपनीची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. पलंग, टेबल, इस्त्री, आणि गरम पाणी द्यायच्या आधी दोन मिनिटं खोकणारा नळ. खिडकीतून धावपट्टीचं टोक दिसतं, आणखी काय हवं? नवा गणवेश दारामागे लटकतोय. बारा वर्षं लढाऊ विमान चालवलं, आता या वयात दीडशे माणसांना अलगद उतरवायला शिकायचं. बायकोनं फोनवर बजावलं, तिथे कोलांट्या मारू नका, लोक जेवून बसलेले असतात.

ही नोकरी दादांमुळे. हवाईदलात ते आमचे लीडर, मी त्यांचा दोन नंबर. दोन नंबरच्या माणसाशी लग्न केलं म्हणून बायको अजून चिडवते. दोन नंबरचं काम सोपं असतं: लीडरच्या पंखाजवळ राहायचं, नजर हटवायची नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. आज दादा स्वतः घ्यायला आले, माझी बॅगही त्यांनीच उचलली. सख्खा भाऊ करणार नाही एवढं या माणसानं माझ्यासाठी केलंय.

७ मार्च

पहिलं उड्डाण, दादांच्या शेजारी. इथे सगळं मोठ्यानं बोलायचं. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं परत म्हणायचं. मला एकट्यानं उडायची सवय. दादा हसून म्हणाले, मिठाची गुळणी धरलीस का रे?

उतरण्याआधी खालून हवेच्या दाबाचा आकडा सांगतात. तो लावला की उंचीचा काटा खरं बोलतो. आकडा जास्त लावला तर काटा आपण आहोत त्याहून वर दाखवतो. मी आज तो तीनदा पडताळला. का, ते बायकोलाही सांगितलेलं नाही. इथे लिहून टाकतो.

सहा वर्षांपूर्वी आम्ही तिघं ढगातून उतरत होतो. तीन नंबरला सगळे धाकटा म्हणायचे, तो सर्वांत खाली होता. आकडा मी घेतला, दादांना कळवला, दादांनी तो सगळ्यांना लावायला सांगितला. काटे तीनशे फूट खोटे बोलत होते. धाकटा डोंगरावर आदळला.

संध्याकाळी दादांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, खरा आकडा नऊशे ब्याण्णव होता, तू मला एक हजार दोन सांगितलास. मला तर नऊशे ब्याण्णव सांगितल्याचं आठवत होतं. ते म्हणाले, धक्का बसला की माणसाला मागाहून बरोबर तेच आठवतं. मग त्यांनीच मला वाचवलं. धाकटा स्वतःच्या मनानं खाली गेला, असं चौकशीत लिहिलं गेलं, मी सही केली. माझा पोरगा असा बेशिस्त होता का रे, असं त्याच्या आईनं माझे हात धरून विचारलं. मी मान डोलावली.

११ मार्च

आमच्या तुकडीत हजेरी असायची. लीडर 'एक' म्हणाला की मी 'दोन', धाकटा 'तीन'. आज ढगात शिरताना दादा पुटपुटले, एक. मी गमतीनं म्हटलं, दोन.

हेडफोनमध्ये कुणीतरी म्हणालं, तीन.

दादांना विचारलं. त्यांना काही ऐकू आलं नाही म्हणे. पण बऱ्याच दिवसांनी झोप मिळणार असावी, तसा सुस्कारा त्यांनी सोडला.

१५ मार्च

रोज ऐकू येतं. धाकट्याचाच आवाज, सर्दी झाल्यासारखा. आज 'तीन'नंतर आणखी एक आवाज आला. माझाच, सहा वर्षांपूर्वीचा, घाईतला: नऊशे ब्याण्णव. आणि लगेच दादा: एक हजार दोन, लावा सगळ्यांनी.

मी बरोबर सांगितलं होतं!

की माझंच डोकं मला शेंडी लावतंय?

१७ मार्च

आमच्या विमानातल्या सगळ्यात जुन्या हवाईसुंदरीनं आज चहा पिताना सांगितलं की दादांबरोबर उडायला कुणी तयार नसायचं. ढग आला की ते 'एक' म्हणायचे आणि वाट बघत बसायचे. वर्षभर कंपनीच्या साहेबांच्या मागे लागले होते, मला माझा दोन नंबर आणून द्या.

१८ मार्च

दादाला तोंडावर विचारलं. आधी उडवाउडवी. मग रडायला लागला. हो, चूक त्याचीच होती. सहा वर्षं धाकटा त्याला कानात विचारतोय, दोन कुठे? म्हणून मला आणलं. हजेरी पुरी झाली की धाकटा आपल्याला सोडेल, असं म्हणाला.

केसानं गळा कापला रे माझा! आणि मी याला देव मानत होतो. त्या माऊलीसमोर मान डोलावली ती याच्यासाठी.

२१ मार्च

बायको आणि मुलगी उद्या येतायत. त्याच्याच विमानानं. तिकिटं त्यानं पाठवली, मला न विचारता. बायको खूश, दादा किती चांगले म्हणाली. येऊ नका म्हटलं तर भांडली. त्याच्या शेजारी मलाच बसवलंय. बदलून मागितलं, साहेब नाही म्हणाले. मी बसलो नाही तर त्याच्या शेजारी कोण —

जाणारच.

२२ मार्च, विमानात

मुलगी सातव्या रांगेत, खिडकीशी. चढताना मला सलाम ठोकला.

खाली सगळा ढग.

आकडा आला. इथे लिहून ठेवतो, यावेळी कुणी म्हणायला नको की मी चुकीचा सांगितला. नऊशे ब्याण्णव. मोठ्यानं सांगितला.

तो म्हणतो, एक हजार दोन. म्हणतो, तू नेहमीच चुकीचं ऐकतोस.

माझ्या बाजूला मी बरोबर लावला. त्यानं हजेरी सुरू केली. एक. मी ओठ घट्ट मिटले — तरी निघालं — दोन —

'तीन' कानात आलं नाही. मागून आलं. आमच्या मागच्या रिकाम्या, घडीच्या खुर्चीतून.

ओला हात माझ्या खांद्यावरून पुढे — माझा आकडा फिरवतोय — एक हजार —

मी परत फिरवतो, तो परत —

ऐका कुणीतरी, मी सांगतोय, बरोबर सांगतोय, नऊशे ब्याण्णव, नऊशे ब्याण्णव, नऊशे ब्या