देखणी बाजू आत

३ नोव्हेंबर

आज ही पुन्हा गेली! मी दाढी करत होतो, तेवढ्यात. मागच्या कुंपणाची तार दोन ठिकाणी तुटली आहे, तिथून वाकून निघाली असणार. दीड तासाने सापडली – आमच्याच शाळेच्या मैदानावर. पोरांना रांगेत उभं करून मोजत होती. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली बाईला, पायात माझ्या चपला, आणि पोरं मुकाट्याने रांगेत!

मुलीला फोनवर सांगून बसलो. सांगायला नको होतं. "बाबा, आता बास. आईला त्या वृद्धांच्या संस्थेत ठेवू या. तुमच्याच्याने होत नाही." मी म्हटलं, पक्कं कुंपण घालतो. त्यानंतर एकदा जरी गेली, तरी तू म्हणशील तसं.

शब्द देऊन मोकळा झालो. आता तो पाळण्याइतकं मजबूत लोखंड शोधायचं.

५ नोव्हेंबर

शेजारणीला तासभर हिच्याजवळ बसवून ग्रिलवाल्याकडे गेलो. "चोराचा त्रास आहे का काका?" हो म्हटलं. खोटं कशाला बोललो कोण जाणे.

त्याने चार तुकडे दिले – जाळीची तार, पत्रा, ॲल्युमिनियम, लोखंडी गज. घरी येऊन चारही मिठाच्या पाण्यात घातले, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. बत्तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. दुकानदाराच्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही.

ती आली, बाटल्यांकडे बघितलं आणि करड्या आवाजात म्हणाली, "शिपाई, या बाटल्या इथे कोणी ठेवल्या?"

म्हणजे बढती तर राहिलीच, म्हातारपणी हुद्दाही गेला!

९ नोव्हेंबर

गज गंजला. जाळीची तार जशीच्या तशी, तिच्यावर जस्ताचा मुलामा आहे. पत्राही बरा. ॲल्युमिनियमला काही झालं नाही, पण तो तुकडा मला हाताने वाकवता आला. मला! ही तर त्याची गाठ मारेल. ॲल्युमिनियम बाद.

जाळी घ्यावी असं मत होतंय.

१० नोव्हेंबर

जाळी बाद!

ग्रिलवाल्याने चौकटीत ताणलेली जाळी आणून भिंतीला टेकवली. आम्ही दोघं मापं बोलतोय, तोवर हिने चपला काढल्या, भोकांत पायाची बोटं अडकवली आणि सरसर वर. एकाहत्तराव्या वर्षी! "तोल असा सांभाळायचा. बघताय ना सगळे?" सगळे म्हणजे आम्ही दोघं. मी खाली हात पसरून उभा. ग्रिलवाला टाळ्या वाजवायच्या बेतात होता. "काकू खेळाच्या बाई होत्या का?" होत्या म्हटलं.

उतरली तेव्हा केवढी खूश होती. असा चेहरा बघून कितीतरी महिने झाले. मी मात्र ओरडलो तिच्यावर.

१२ नोव्हेंबर

पत्रा. यातून काही दिसत नाही, चढायला काही नाही. मुलगी म्हणते हाच घ्या. कुंपणाच्या तुटक्या जागेपुढे नमुन्याचा उभा करून बघितला.

दुपारभर ती त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसली. मग उठून टकटक केली. "दार उघडा ना. शाळा भरली असेल." मी जवळ गेलो तर माझ्याकडे वळून, हात जोडून, "अहो दादा, तुम्ही तरी सांगा त्यांना." आणि रडायला लागली.

मीच काढला पत्रा. बोटाला कापलं. पट्टीही माझी मीच बांधली.

१३ नोव्हेंबर

आज कोणाशीच बोललो नाही. तिच्याशी दिवसभर बोललो.

१६ नोव्हेंबर

लोखंडच. उभे गज, चार-चार बोटांच्या अंतराने. गंज धरेल तर दरवर्षी घासून रंग देईन, नाहीतरी दुसरा उद्योग काय आहे मला? रंग कोणता द्यायचा यावर अर्धा दिवस घालवला. असल्या गोष्टी कायम तिच्या मताने व्हायच्या, आणि मी फक्त कुरकुर करायचो. आता विचारायला कोणी नाही – आणि ती समोरच बसलेली असते.

ग्रिलवाला पहिला भाग घेऊन आला. वर टोकदार भाले, आणि दोन आडव्या पट्ट्या आतल्या बाजूने. एक गुडघ्याशी, एक छातीशी. शिडीच की ती! त्याला म्हटलं, पट्ट्या आत का? "आतच असतात काका. देखणी बाजू रस्त्याकडे. शिवाय बाहेरून चोराला पाय ठेवायला काही मिळत नाही."

शेवटी सांगितलं. "चोर नाहीये. बायको आहे."

त्याने हातातलं माप खाली ठेवलं. "आधी सांगायचं ना काका." मग यंत्र लावून सगळे भाले कापले, टोकं घासून गोल केली. "उलटं बसवू. पट्ट्या बाहेर, देखणी बाजू आत. लोक नावं ठेवतील, ठेवू देत."

२४ नोव्हेंबर

कुंपण झालं. रंग हिरवा. मुलीला फोटो पाठवला – "छान दिसतंय, बाबा." ही गजांवरून हात फिरवत, मोजत, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. चढायला जागा नाही. मग नुसतीच उभी राहिली. फाटकाची किल्ली मी आत उंच खुंटीवर टांगली आहे.

मी तिला डांबलंय. दुसरा शब्द सापडत नाही.

२७ नोव्हेंबर

कचरा टाकायला बाहेर गेलो, फाटकाला सवयीने कुलूप दाबलं, आणि किल्ली आत खुंटीवर! शेजारीण गावाला. हिला हाक मारली, किल्ली मागितली. गजांपलीकडून म्हणाली, "हे घरी नाहीत. ते आल्याशिवाय मी कोणाला आत घेत नाही."

मग काय, चढलो. पट्ट्या माझ्याच बाजूला. वर पोचल्यावर गज घट्ट धरून खाली बघत राहिलो. आतून खणखणीत आवाज आला – "खाली बघायचं नाही! डावा पाय आधी. घाबरायचं नाही, मी आहे." तिने माझी पोटरी घट्ट धरली आणि मला अलगद उतरवून घेतलं. "शाबास! नाव काय रे तुझं?"

सांगितलं.

"अगं बाई! आमच्या ह्यांचंही हेच," म्हणाली, आणि लाजली.