माणिकप्पाच्या गोठ्यावरची लाल फुली

अर्धापूरजवळून, वार गुरुवार

माझा पाठचा भाऊ ग्यानोबा यास थोरल्या बहिणीचे, म्हणजे धोंडाबाईचे, पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. माझे जसे होते तसेच आहेत. विचारणारं इथं कुणी नाही म्हणून आपणच सांगितलं. रत्नम्माला विचार, साखर खाणं सुटलं का, आणि ती हो म्हणाली तर उठून डबे उघडून बघ. फोनच केला असता, पण ही तुझी बायको फोनचा आवाज मोठा करून स्वयंपाक करते आणि माझं बोलणं अख्ख्या गल्लीच्या फोडणीत पडतं. म्हणून दुसरीपर्यंत शिकलेली ही बाई पत्र लिहून राहिली आहे. लिहितानाही बूड टेकत नाही, घडीघडीला उठून बाहेर बघून येते. का, ते पुढं येईल.

आमच्या बालाजीची वर्षाराणी (माझी नात, तिच्या बारशाला तू आला होतास आणि पंगत उशिरा बसली म्हणून रुसला होतास) विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनियर झाली. इंजिनियर झाली म्हणून आम्ही पेढे वाटले, आणि ती घरी येऊन खेळ करायला बसली. खेळायला नाही, खेळ करायला. कंप्युटरवरचा खेळ आहे. त्यात खेळणारा आपलं नाव-गाव सोडून दुसऱ्याचं सोंग घेतो, कुणी जादूगार होतो, कुणी तलवारबाज, आणि नसलेल्या मुलखात जाऊन नसलेल्या राक्षसाला मारतो. मी म्हटलं, असलेल्या शेतातलं असलेलं गवत काढायला घरातलं कुणी येत नाही. तर म्हणाली, आजी, तुला न्हाई कळायचं. बरं.

तर त्या मुलखाचा नकाशा लागतो, आणि खेळाच्या नावाला त्या नकाशाचं एक चिन्ह लागतं. त्याला लोगो म्हणतात. निवडणुकीला असतं तसंच, फक्त इथं कुणी निवडून येत नाही. कारखाना तिघांचा: आमची वर्षा, तिची मैत्रीण पुनम, आणि नांदेडचा हरिओम, जो काही करत नाही आणि म्हणून मुख्य आहे. चिन्हाचं काम वर्षाकडं आलं आणि घराची शांती गेली. हरिओमचा हुकूम असा की चिन्ह भिंतीएवढं केलं तरी शोभलं पाहिजे आणि मोबाईलवर नखाएवढं झालं तरी ओळखू आलं पाहिजे. असं मी जन्मात एकच पाहिलं, ते माझ्या सासूचं वाकडं तोंड. पोरीनं आधी गुंडाळलेला कागद काढला. हरिओम म्हणाला, लग्नपत्रिका वाटते. मग डोंगर काढले, सगळे एका मापाचे, समोशासारखे. नदी काढली ती समुद्रातून निघून डोंगर चढत होती. मी बोट ठेवलं तर म्हणाली, तिथं जादू हाय. (चूक झाली की जादू म्हणायचं, हे मला आधी ठाऊक असतं तर माझा संसार सोपा गेला असता.) मग नकाशा जुना दिसला पाहिजे म्हणून कोऱ्या कागदावर माझ्या वाटणीचा चहा ओतला, वाळवला, कडा गॅसवर जाळल्या. मी चहा न ओतता आणि कडा न जाळता जुनी झाले, माझाच फोटो काढ म्हटलं, तर हसलीसुद्धा नाही. जेवण नाही, बसणं नाही, अंगणात नुसत्या येरझारा. ती उठली की मी उठते, मी उठले की कुत्रं उठतं. असा आमच्या घरचा कारभार.

शेवटी वैतागून म्हणाली, तूच सांग आजी, नकाशा कसा असतो. मी म्हटलं, नकाशा म्हणजे पाव्हण्याला वाट सांगणं, दुसरं काय. आणि मुंग्यांना मारायचा खडू घेऊन ओसरीच्या शहाबादी फरशीवर आपलं शेत काढलं. सडक काढली, सडकेवरची चिंच, चिंचेपासून माणिकप्पाच्या गोठ्याजवळून आत जाणारी वाट, ओढा, विहीर, आणि पलीकडं आपली केळी. माणिकप्पा तुला आठवत असेल. आमचा बांधशेजारी, ह्यांच्या तेराव्याला लाडू मागून घेणारा. त्यानं गेल्या सालापासून ती वाट बाभळीच्या काटेरी फांद्या, फेसाट्या लावून बंद केली आहे. म्हणतो, बापानं तुम्हाला बैलगाडीची वाट दिली होती, टेम्पोची नाही. आता बैलगाडी आणायची कुठून? त्याचा गोठा मात्र दर सालाला वाटेत थोडा थोडा पुढं सरकतो. जनावरांना पाय असतात हे ठाऊक होतं, गोठ्याला फुटलेले मी इथंच पाहिले. त्यामुळं केळीचे घड डोक्यावर घेऊन ओढ्यातून काढावे लागतात, ते घासून काळे पडतात, आणि व्यापारी डाग बघून तोंड फिरवतो. बालाजीला म्हटलं, जाऊन भांड. तो म्हणतो, बघू. हे बघू त्याच्या बापाकडून आलंय, माझ्याकडून नाही.

तर सांगत काय होते, मनातला राग खडूत उतरला असावा, कारण वाट दोन टेम्पो शेजारून जातील एवढी रुंद निघाली आणि गोठा तिच्या बरोबर मधोमध आला. वर्षानं त्याचा फोटो घेतला आणि कंप्युटरात त्या चहाच्या कागदावर बसवला. ओढ्याची काळनदी झाली, चिंचेचा शापित वृक्ष, विहिरीची पाताळवाट, आणि आपल्या केळीचं घोर अरण्य. पण वळण न् वळण तेच. आणि माणिकप्पाच्या गोठ्यावर तिनं मारली ठळक लाल फुली. विचारलं, इथं काय? म्हणाली, खजिना, नकाशात खजिना असतो तिथं फुली असते. मी म्हटलं, त्या मेल्याच्या घरी कशाला खजिना, आपल्या विहिरीवर मार. तर म्हणाली, तिथं मारली तर चित्राचा समतोल बिघडतो. इंजिनियर केली ती यासाठी, की समतोलापायी आपला खजिना शेजाऱ्याला द्यावा. पण पुनमला आवडलं, हरिओमनं चालेल म्हणून कळवलं, आणि वर्षानं ते चित्र मोबाईलच्या स्टेटसला लावलं.

माणिकप्पा आपल्या म्हशीपेक्षा लोकांच्या स्टेटसकडं जास्त बघतो. आणि आमच्या गावाची गोष्ट अशी की सडक रुंद करताना जी जी भिंत पाडायची तिच्यावर लाल फुली मारून गेले होते, आणि फुलीवाली एकही भिंत वाचली नाही. तेव्हापासून इथं लाल फुलीला कुणी खजिना समजत नाही. सकाळीच माणिकप्पा टोपी हातात घेऊन ओसरीवर येऊन बसला. चहा ठेवला तर शिवला नाही. "वैनी, मोजणी कव्हा झाली?" मी म्हटलं, कसली मोजणी? "मोबाईलवर आली की. चिंच, हीर, वढा, समदं जागच्या जागी हाय. कुणी केली?" मी म्हटलं, आमच्या वर्षीनं, कंप्युटरवर. "म्हंजी वरून घेतली." वरून दिसतं तसंच हाय, म्हटलं. थोडा वेळ टोपी फिरवत बसला. "आन् फुली? फुली निघंल का?" मी विचारलं होतं रे बाबा, म्हटलं, पण ती हलवली तर समतोल बिघडतो म्हणं. यातला एक शब्द खोटा असेल तर दाखव, ग्यानोबा. त्याचं तोंड मात्र असं झालं की मीच माझा चहा पिऊन टाकला, नाहीतर हसू आलं असतं.

दुसऱ्या दिवशी फेसाट्या बाजूला. गव्हाण मागं ओढलेली. वर त्याच्या म्हशीच्या चिकाचा खरवस घरपोच. बालाजी म्हणाला, माणूस सुधारला. (याला मी जन्म दिला.) मी व्यापाऱ्याला निरोप धाडला की सोमवारी टेम्पो थेट केळीत आण.

आणि इथं माशी शिंकली. स्टेटस म्हणे एका दिवसात आपोआप पुसून जातं. माणिकप्पानं बघितलं, चित्र नाही. संध्याकाळी एक फेसाटी परत वाटेवर, सहज पडल्यासारखी. अंदाज घेऊन राहिला आहे. वर्षाला म्हटलं, ते चित्र परत लाव. तर तिकडं हरिओमची मर्जी फिरली होती: फुली बघून दवाखाना आठवतो, नकाशा नको, नुसती तलवार कर, तलवार खपते. आणि रद्द झालेलं काम लोकांना दाखवत नसतात, असं वर्षाचं म्हणणं. खरं काय ते तिला सांगता येत नाही. ती शिकलेली आहे, सरळ माणिकप्पाकडं जाऊन खुलासा करेल. म्हणून मी तेव्हापासून घर ते बांध अशा चकरा मारते. मघाशी उठून बघितलं तर फेसाट्या दोन झाल्यात. सोमवारपर्यंत ढीग होईल आणि टेम्पो सडकेवरनंच परत जाईल.

असो. प्रत्येकाच्या घरी काही ना काही असतं. मी काही मागायला लिहिलं नाही, गैरसमज नसावा. भावाजवळ मन मोकळं केलं, एवढंच. गावातला मलप्पा लातूरला निघालाय, त्याच्या हाती पत्र देते. लेकरांना आशीर्वाद. रत्नम्मालाही, थोडा.

तुझी बहीण,
धोंडाबाई

ता. क. तुझ्या लेकाचं, सुदर्शनाचं, फ्लेक्स छापायचं दुकान आहे ना लातुरात, त्याला एक काम सांग. वर्षानं कागदावर छापून फेकलेलं चित्र सोबत घडी करून घातलं आहे. ते ओसरीच्या भिंतीएवढं छापायचं, जाड कापडावर, वाऱ्यानं फाटायला नको. चहाचे डाग राहू दे, जुन्या दप्तरातनं काढल्यासारखं वाटतं. कुणा पुढाऱ्याचा हसरा फोटो घालू नको म्हणावं. फुली लाल भडक पाहिजे, सडकेवरून दिसली पाहिजे. रविवारी तू स्वतः घेऊन ये. रत्नम्माला आणलंस तरी चालेल, बांबू धरायला माणूस लागतोच. वर्षाला तिच्या मैत्रिणीच्या घरी धाडायची तजवीज मी केली आहे.

आणखी ता. क. चित्राच्या तळाशी पोरीनं मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय की यातला मुलूख, नद्या आणि वाटा काल्पनिक आहेत. सुदर्शनाला ती ओळ गाळायला सांग.