गाळलेली ओळ

दि. ३

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

खरं ऐकून माणूस उपचारच टाळणार असेल, तर ते त्याला सांगावं का? तूच सांग. फोनवर बाबा शेजारी असतात, म्हणून पत्र.

बाबांची कावीळ साधी नाही. पित्तनळीत खडा अडकलाय. पूर्वी पोट उघडायचे, आता तोंडातून दुर्बीण सोडून खडा ओढून काढतात. नळदुरुस्तीत जन्म गेलेले आपले बाबा! त्यांनी डॉक्टरांनाच नळीचं माप विचारलं.

घरात शिकलेली मी एकटी. मी कागद वाचायचा आणि बाकीच्यांनी सही करायची, ही आपली रीत. संमतीपत्र वाचताना मी एक ओळ गाळली. शंभरातल्या पाचेकांच्या स्वादुपिंडाला यामुळे सूज येते आणि क्वचित ती जिवावर बेतते. बाबांनी बिनदिक्कत सही केली. तेव्हापासून मला घास उतरत नाही. दुर्बीण बारा तारखेला आहे.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
भाची

दि. ५

चि. पदवीधरीणबाईंस,
पोटभर आशीर्वाद.

गाळलीस ते बरं केलंस. तुझा बाप माझा धाकटा भाऊ, मी त्याला ओळखते. दाढ काढायला गेला आणि चिमटा बघून मागच्या दारानं पळाला. गालाचा भोपळा झाला तरी परत गेला नाही. आता पळाला तर खडा काय पायी चालत बाहेर येणार आहे? तोंड मिटून राहा. फक्त जेवताना उघड, नाहीतर दोन खाटा लागतील. अकराला पोचते. माझाही जीव टांगणीला आहे, पण हे त्याला कळू देऊ नकोस.

तुझी,
आत्या

दि. ८

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं खोटं नाही, म्हणूनच भीती वाटली. तरी काल सकाळी बाबांना ती ओळ वाचून दाखवली.

ते चिडले, पण माझ्यावर. म्हणाले, जुन्या पाइपाला पाना लावायच्या आधी तो फुटेल हे मी गिऱ्हाइकाला सांगतो, आणि तू माझ्यापासून लपवलंस? मग स्वतः जाऊन डॉक्टरांना विचारून आले. सूज टाळायला औषध देतात, लागलं तर स्वादुपिंडाच्या नळीतही बारीक नळी ठेवतात. घरी येऊन एवढंच, विचार करतो म्हणाले. डोळे कालच्यापेक्षा पिवळे दिसतात.

लवकर ये. रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
भाची

ता. क. त्यांची आधीची सही त्यांना विचारून मी आज दवाखान्यात जाऊन रद्द करून आले. नवा संमतीचा कागद त्यांच्या उशाशी ठेवलाय, सहीची जागा कोरी.