चौदाव्या काठीजवळचं पाणी

३ मार्च

चि. कात्सुया यास,

पत्राच्या सुरुवातीला हवापाणी लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. मागच्या अंगणातल्या उमेच्या झाडाचा बहर गळून गेला. थंडी सरत आली. तू बरा असशील. मी बरी आहे.

आता कामाचं. तू कॉलेजात असताना वडिलांसाठी जी वेबसाइट करून दिलीस, समुद्राच्या नोंदींची, तिचा पासवर्ड हवा आहे. उघडल्याबरोबर वरती लाल पट्टी दिसते. ज्या कंपनीच्या यंत्रावर ते सगळं ठेवलं आहे, ती हे काम ३१ मार्चला बंद करते आहे. त्यानंतर अकरा वर्षांच्या नोंदी पुसल्या जातील. रोजचं पाण्याचं तापमान, खारटपणा, जाळ्यांवरच्या नोरी-शेवाळाचा रंग, आणि शेवटी वडिलांचा एका ओळीचा शेरा. पासवर्डाशिवाय फक्त गेल्या साठ दिवसांचं दिसतं.

पुढच्या मोसमात जाळी कधी सोडायची, हे आपल्या घाटावरची चार घरं त्या नोंदी बघून ठरवतात. पण खरं सांगायचं तर मला ते शेरे हवे आहेत. माणूस गेलं. निदान त्याच्या ओळी तरी राहाव्यात.

सहकारी संस्थेचे मात्सुफुजीसान दोन दिवस खटपट करत होते. तुझा जुना नंबर लागत नाही, जुन्या पत्त्यावर पाठवलेला मेल परत येतो. शेवटी ते म्हणाले, "वहिनी, घर तुमचं, पण कुलूप तुमच्या लेकाचं. असा कसा हो हा, किल्ली घेऊन परागंदा झाला?" आठ वर्षं मी तुझं नाव घेतलेलं नाही.

का घेतलं नाही, ते तुला माहीत आहे. संस्थेच्या बैठकीत, सगळ्या घाटासमोर, तू वडिलांना म्हणालास की दहा वर्षांत या समुद्रात नोरी उरणार नाही, होडी आत्ताच विकून टाका. ते खाली मान घालून बसले. घरी आल्यावर मी तुला सांगितलं की या दारात पुन्हा येऊ नकोस. आणि त्यांना सांगितलं की या घरात त्याचं नाव काढायचं नाही. ते "बरं" म्हणाले. ते नेहमी "बरं"च म्हणायचे.

हा पत्ता कुठून मिळाला, असं तुला वाटेल. होडीच्या शेडमध्ये हातमोज्यांच्या खाली बिस्किटांचा डबा होता. त्यात पार्सलच्या आठ पावत्या. दर डिसेंबरला पहिल्या तोडीची नोरी, ओसाकाला, तुझ्या नावाने. मी वाळवलेली, मी मोजून बांधलेली नोरी. वडील मला म्हणायचे की एक पुडकं देवळात दिलं.

तो डबा मी भिंतीवर फेकला. अजून तिथेच पडला आहे.

मग परवा मात्सुफुजीसाननी ते साठ दिवस उघडून दाखवले. वडील ९ जानेवारीला हॉस्पिटलात गेले. त्यानंतर घाटावरून कोणी नोंद केलेली नाही, तरी नोंदी आहेत. सगळ्या व्यवस्थापकाच्या नावाने. म्हणजे तुझ्या. १२ तारखेचा शेरा, "बाबा म्हणतात, जेवण आळणी आहे." १५ तारखेचा, "बाबा म्हणतात, आईला घरी जाऊन झोप म्हटलं तर ऐकत नाही." १८ तारखेचा, "आज आवाज फार बारीक."

रोज सकाळी ते मला खालच्या यंत्रातून गरम कॉफीचा कॅन आणायला पाठवायचे. लिफ्टने जाऊन यायला दहा मिनिटं. कॅन आणला की म्हणायचे, राहू दे, आता नको. मी एकदा चिडून बोलले, की प्यायची नाही तर मागता कशाला? तर हसले. ते अकरा कॅन घरी ओट्यावर उभे आहेत. ती दहा मिनिटं कशासाठी होती, ते मला परवा कळलं. त्यांच्यावर चिडावं तर ते फोटोत बसले आहेत. म्हणून तुझ्यावर चिडते आहे. तुला कळत होतं की आवाज बारीक झाला आहे. मग गाडीत का बसला नाहीस? मी दारात येऊ नकोस म्हटलं होतं. हॉस्पिटलचं दार माझं नव्हतं.

मात्सुफुजीसान म्हणाले होते की वडिलांच्या खिशातल्या वहीत पासवर्ड असणार, ते सगळं तिथेच लिहायचे. मी सांगितलं की वही हरवली.

वही हरवलेली नाही. अंत्यविधीवाल्या माणसाने विचारलं होतं, शवपेटीत सोबत काय ठेवायचं? फोन चालत नाही, म्हणाला, बॅटरी असते, कागद चालेल. मी वही पेटीत त्यांच्या हाताखाली ठेवली. उघडून पाहिली नाही. ती त्यांच्याबरोबर जळली. फोन उरला, तर दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन तो नंबर बंद करून आले. असली कामं मी लगेच उरकते.

२० जानेवारीची तुझी नोंद अशी आहे: "आज फोन आला नाही." २१ तारखेचीही तीच. २२ला, "नंबर अस्तित्वात नाही, असं सांगतात." त्यानंतर रोज नुसते आकडे, आजपर्यंत. शेरा कोरा.

घरच्या फोनवर तू केला नाहीस. शेवटचा केलास, तेव्हा मी ठेवून दिला होता.

अंत्यविधीला मुलगा आला नाही, असं मी बेचाळीस दिवस जो येईल त्याला सांगते आहे. त्याला कळवलं कोणी, हे मला एकानेही विचारलं नाही. कळवलं नव्हतं. ते काम माझं होतं. आता करते. तुझे वडील २० जानेवारीला सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी गेले. मी कॉफी आणायला खाली गेले होते.

नऊ मार्चला त्यांचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी आहे. सकाळी दहाला भिक्षू येतील. दाराबद्दल मी जे बोलले होते, ते धरून बसू नकोस. माझा राग मात्र गेलेला नाही, तेव्हा आल्यावर मी गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नकोस.

आणि एक. तू रोज जो आकडा लिहितोस तो सरकारी तरंगत्या यंत्राचा आहे. ते खोल पाण्यात आहे. आपल्या जाळ्यांच्या चौदाव्या काठीजवळ नदीचं पाणी येतं, तिथे थंड असतं. वडील रोज तिथे जाऊन मोजायचे. आज मात्सुफुजीसानच्या होडीतून मी गेले. मला होडी लागते, दोनदा उलटी झाली. पाणी ९.६ आहे. तू १०.४ लिहिलं आहेस.

दुरुस्त कर.

आई