कुलपाऐवजी वेबसाइट

तीर्थरूप ताईच्या चरणी धाकट्याचे साष्टांग दंडवत (गुडघा वाकू देतो तितके. उरलेले मनाने).

तुझ्या चष्म्याचा नवा नंबर सोसला का? भाऊजींचा खोकला गेला का? निवृत्त झाल्यापासून तू दुपारी तीन-तीन शब्दकोडी सोडवतेस आणि चौथं मिळालं नाही की त्यांच्यावर डाफरतेस, असं ते फोनवर म्हणाले. (‘हे तिला सांगू नकोस,’ असंही म्हणाले होते.) इकडे आम्ही दोघं ठणठणीत. मी तर सध्या इतका खुशीत आहे की तुझी वहिनी मला दिवसातून दोनदा जमिनीवर यायला सांगते.

मागच्या खेपेला आलीस तेव्हा दुकानात स्टुलावर बसून तू निकाल दिला होतास, आठवतं? आता नवं शिलाई मशीन घ्यायला लोक निघतात, जुनं दुरुस्त करायला कोणी येत नाही, तेव्हा वर्षाअखेरपर्यंत गिऱ्हाईक वाढलं नाही तर वडिलांचं दुकान शेजारच्या मोबाइलच्या कव्हरवाल्याला द्यायचं. अर्धं दुकान तुझ्या नावावर, त्यामुळे मी मान डोलावली. कव्हरवाल्याने दुसऱ्याच दिवशी टेप आणून मधली भिंत मोजली, आणि टेपचं दुसरं टोक मलाच धरायला लावलं. तर ताई, भिंत जागेवर आहे. मी जिंकलो! कसा, ते सविस्तर सांगतो. तू पानं उलटून शेवट आधी वाचतेस, ती सवय आज जरा आवर.

वेबसाइट करायची, हे मी त्या टेपचं टोक धरूनच ठरवलं. पण ती कोणाकडून करून घ्यायची, हे ठरवताना माझ्या नाकी नऊ आले. आधी एका कंपनीचा माणूस बोलावला. बूट असे चकचकीत, की दुकानातल्या तेलाच्या डागांना बघून तो उंबऱ्यावरच थांबला. तिथूनच त्याने मला तीन भाव सांगितले, साधा, मधला आणि राजेशाही. आता तुला वडिलांचा नियम माहीत आहे. मशीन न उघडता भाव सांगेल तो कारागीर नव्हे. या गृहस्थाने माझं मशीन उघडणं सोडाच, दुकानात पाऊलही टाकलं नव्हतं. वर म्हणाला, की पहिल्या पानावर हसऱ्या माणसांचा फोटो घालू. मी म्हटलं, माझ्याकडे हसत कोणी येत नाही हो, बंद पडलेलं मशीन काखोटीला मारून येतात. तो घड्याळ बघायला लागला, मीही बघायला लागलो, आणि आमची बोलणी तिथेच संपली.

मग मी ठरवलं, आपला हात जगात कुठे अडत नाही तो इथे का अडावा? तयार साचे मिळतात म्हणे, आपण नुसता मजकूर भरायचा. मी चांगला ऐसपैस साचा निवडला. चार दिवस एका बोटाने टाइप करून नाव, पत्ता, फोन नंबर, सगळं भरलं. पुढे कळलं, की तो साचा केकच्या दुकानाचा होता. वरचा तीन मजली केक मला काही केल्या निघेना. मी तो पुसायला जावं आणि त्याच्या शेजारी आणखी एक यावा. शेवटी मी त्याच्याखाली ‘सर्व प्रकारची दुरुस्ती केली जाईल’ असं लिहून गप्प बसलो. आठ दिवसांत सहा फोन आले, सहाही वाढदिवसांचे. एका बाईंनी तर शनिवारपर्यंत निळ्या रंगाचा केक हवाच म्हणून माझ्याकडून वचन घेतलं. (मी ‘बघतो’ म्हटलं. दुकानदाराच्या जिभेला ती सवयच असते.) शनिवारी त्या दारात उभ्या राहिल्या. आतली मशीनं पाहून त्यांनी जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तुझ्या वहिनीने त्यांना शेजारच्या गल्लीतल्या बेकरीत स्वतः नेऊन सोडलं, म्हणून मी वाचलो.

त्यानंतर मी वेबसाइट हा शब्द घरात काढला नाही. पण एक दिवस एक बाई आईचं पायमशीन घेऊन आल्या. बोलता बोलता कळलं, त्या वेबसाइट बनवतात. मी केकची कथा सांगितली. बाई पोट धरधरून हसल्या, मग स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. लोक तुमच्याकडे येतात तेव्हा काय म्हणतात? ताई, माझे डोळेच चमकले. कारण या बाईंनी मशीन उघडलं होतं!

मी त्यांच्यापुढे बिस्किटांचे पत्र्याचे डबे ठेवले. तुला आठवतात ना, वडिलांनी प्रत्येक मशीनला बांधलेल्या चिठ्ठ्या? गिऱ्हाईक जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, शहाणपणा करून सुधारायचं नाही, आणि चिठ्ठी फेकायची नाही. मीही तेच करत आलो. असे एकोणीस डबे निघाले. ‘वरून साळसूद, खालून नुसता गुंता.’ ‘जाड कापड दिसलं की सुई मोडून बसते.’ ‘सासूबाईंच्या पायाखाली नीट चालते, माझ्या पायाखाली अडते.’ ‘चालवली की घरात कोणी दळण दळतंय असं वाटतं.’ बाई दोन तास नुसत्या वाचत होत्या. उठताना म्हणाल्या, “काका, तुमची वेबसाइट तयारच आहे. फक्त डब्यात आहे.”

त्यांनी केलं काय, तर चिठ्ठ्या जशाच्या तशा वेबसाइटवर चढवल्या, आणि प्रत्येकीखाली मी दोन ओळींत बिघाड कुठला होता ते सांगितलं. बस. हसरी माणसं नाहीत, केक नाही. आणि माणसं मोबाइलवर शोधताना नेमकं हेच लिहितात गं! मशीन बिघडलेलं माणूस ‘उत्तम सेवा’ शोधत नाही, ते ‘खालून गुंता होतो’ असंच शोधतं, आणि थेट माझ्या दारात येतं. पहिल्या महिन्यात एक्केचाळीस मशीनं! लांबच्या गावांहून पेट्यांत घालून येतात. फळ्या भरल्या, माळा भरला, आता मी आत जाताना आडवा होऊन जातो. काल कव्हरवाला आला आणि मान खाली घालून म्हणाला, तुमच्या वेबसाइटवर खाली कुठेतरी माझ्या दुकानाचाही पत्ता टाकाल का? मी म्हटलं, “बघतो.”

तेव्हा दुकान द्यायची गोष्ट आता मनातून काढून टाक. कोणाकडून काय करून घ्यावं, याची पारख असावी लागते, आणि ती माझ्याकडे आहे हे आता तूही कबूल करशील. भाऊजींना नमस्कार.

तुझा, छाती दोन इंच फुगलेला,
धाकटा

ता. क. वन्सं, नमस्कार. पत्र टाकायला मी निघाले होते म्हणून वाचलं. ‘पारख’ वाचून हसू आवरेना. त्या बाई निघून गेल्यावर तीन आठवडे हे नुसता विचारच करत होते. शेवटी मी फोन करून त्यांना ‘करा’ म्हटलं. बाकी मजकूर बरोबर आहे. केकवाल्या बाई काय बोलल्या ते भेटीत सांगेन.

ता. क. २. वहिनीचं मनावर घेऊ नकोस. खरं काम आता लिहितो, एवढा वेळ धीर होत नव्हता. वेबसाइटसाठी बाईंनी विचारलं, कारागीर किती? माझ्या तोंडून ‘दोन’ निघून गेलं. बारा वर्षांची असताना तू नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं सांगायचीस, मला आजही ते जमत नाही. वडिलांनी तरी दुरुस्तीच्या बाकावर मला बसवलं, मुलगा म्हणून, आणि तुला नोकरी शोधायला लावली. मी तेव्हा गप्प बसलो, त्याची मला अजून लाज वाटते. एक्केचाळीसांतली नऊ मशीनं मला उलगडत नाहीत. ये ना, ताई. गिऱ्हाइकं दुसऱ्या कारागिराची चौकशी करतात, मी सांगतो, बाई रजेवर आहेत, सोमवारी येतील.